जागा सांगायची नाही

"जुन्या पुलाखाली," मी म्हणालो आणि मगदूम मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं.

तात्या कासारांच्या बांगड्यांच्या दुकानात आम्ही गळ टाकणारे सहा जण बसलो होतो. वैशाखातली दुपार होती. मॅडम तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. कोंडजाई नदीत खडस मासा अजून किती उरलाय आणि तो कुठवर जातो, याची पाहणी करायला त्या दोन दिवस नदीकाठानं फिरत होत्या. खडस म्हणजे मोठ्या खवल्यांचा, पिवळट सोनेरी अंगाचा मासा. गळाला लागला तर अर्धा तास माणसाला नाचवतो. तो धरायचा तर गावात आम्ही सहा जणच, म्हणून कुणीतरी त्यांना आमच्याकडे पाठवलं होतं.

माझ्याआधी गुरांचे डॉक्टर इंगवले यांनीही जुना पूलच सांगितला होता. केळीवाल्या रझाक बागवाननं त्यात थोडी भर घातली, पुलाच्या जरा खाली, वळणावर, त्याच्या वर कुठं नाही. उरलेल्या दोघांनी नुसत्या माना डोलावल्या. शेवटी मॅडमनी तात्यांकडे बघितलं. तात्या हिरव्या बांगड्या मापाप्रमाणे निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "ह्ये म्हणत्यात तेच लिवा."

मॅडम चहा पिऊन, आभार मानून गेल्या. त्या कोपऱ्यावर वळेपर्यंत आम्ही गंभीर चेहऱ्यानं बसलो होतो. मग रझाक फिस्सकन हसला आणि आम्ही सगळेच हसलो.

जुन्या पुलाखाली खडस नव्हता. तिथं साधा मळ्या मासाही धड लागत नसे. पण गळ टाकणाऱ्याचा एक नियम असतो. मासा कितीही मोठा करून सांगावा, जागा सांगायची नाही. वर धरला तर खाली सांगायचा, खाली धरला तर वर. मी एसटी स्टँडवर कंट्रोलर होतो. कुठली गाडी किती वाजता कुठल्या फलाटावरून सुटणार, हे दिवसभर भोंग्यावरून अचूक सांगायचं हे माझं काम. ड्यूटी संपली की मात्र मी कुठून आलो हे बायकोलासुद्धा खरं सांगत नसे. माझा मेहुणा एकदा नवंकोरं रीळ घेऊन हौसेनं आला, तर त्याला मी सलग दोन रविवार जुन्या पुलाखाली बसवलं. त्याला एक चप्पल लागली, डाव्या पायाची.

माझी खरी जागा होती रांजणडोह. गावापासून वर दोन तास चाललं की गायधोंड लागते. तिथं नदी खडकांच्या पायऱ्यांवरून कोसळते, आणि त्या पायऱ्यांच्या अगदी तळाशी हा डोह. मी तेविसाव्या वर्षी या गावी नोकरीला आलो, तेव्हा तात्यांनी तो मला दाखवला. गांडुळांना आमच्याकडे दानवं म्हणतात. त्या दानव्यांच्या डब्यावर हात ठेवायला लावून तात्यांनी मला शपथ घातली होती. म्हणाले होते, "खडस पावसाळ्यात हितवर येतो. धोंड चढत न्हाई. हितंच अंडी घालतो. मी मेलो तरी कुणाला सांगू नगंस." पंधरा वर्षं मी ती शपथ पाळली. हसू येईल, पण या एवढ्या गोष्टीबद्दल मला स्वतःचा अभिमान होता. बापानं मला घर दिलं नाही, जमीन दिली नाही. तात्यांनी डोह दिला होता.

खडस कमी होतोय हे आम्हाला मॅडमच्या आधीपासून ठाऊक होतं. त्याचं माप तात्यांच्या हातात होतं. बाईचा हात नुसता दाबून ते बांगडीचं माप सांगत, दोरीबिरी लागत नसे. तीच सवय माशाच्या बाबतीतही. आम्ही खडस धरून आणला की तात्या शेपटीच्या मुळाशी, जिथं मासा बारीक होतो तिथं, मूठ आवळून बघत आणि बांगडीचं माप बोलत. मी आलो त्या वर्षी त्यांनी एका माशावर मूठ ठेवून सांगितलं होतं, "ह्या बाईला माझ्याकडं बांगडी न्हाई." पुढं अडीच आलं, मग सव्वादोन. मॅडम येऊन गेल्या त्या वर्षी मी आणलेला खडस त्यांनी हातात धरला आणि मूठ दोनदा आवळून बघितली. मीच विचारलं तेव्हा म्हणाले, "शाळंतल्या पोरीचं माप हाय ह्ये."

दुसऱ्या वर्षी आषाढात गावात पाटबंधारे खात्याची नोटीस लागली. गायधोंडीच्या वरच्या अंगाला बंधारा होणार होता. नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत दोन पुरुष उंचीची पक्की भिंत. नोटिशीत हरकती ऐकायच्या सभेची तारीख होती आणि बरोबर बरेच कागद होते. इंगवले डॉक्टरांनी ते मिळवून आणले आणि दुकानात बसून मोठ्यानं वाचले. त्यात एक वाक्य होतं. स्थानिक गळवाल्यांच्या सांगण्यानुसार खडस हा मासा जुन्या पुलाच्या वर आढळत नाही, सबब नियोजित बंधाऱ्याचा त्याच्यावर परिणाम संभवत नाही. खाली आम्हा सहा जणांची नावं होती. माझ्या नावापुढं कंसात 'एसटी कंट्रोलर' असं लिहिलं होतं, म्हणजे माहिती खात्रीची.

यात मॅडमचा काहीच दोष नव्हता. सहा बाप्यांनी शपथेवर सांगावं तसं सांगितलं, ते त्यांनी इमानदारीनं लिहिलं.

आता हसायला कुणी नव्हतं. वरून येणारं पाणी अडलं की रांजणडोह उन्हाळ्यात आटणार हे मला दिसत होतं. इंगवले म्हणाले, सभेत जाऊन खरं सांगून टाकू. रझाक म्हणाला, सांगा की, म्हणजे आठ दिवसांत डोहात जिलेटिनच्या कांड्या फुटतील आणि बंधाऱ्याची वाटसुद्धा बघावी लागणार नाही. दोघंही बरोबर होते. वाद वाढत गेला आणि शेवटी सगळे उठून गेले. तात्या बांगड्यांची मापं लावत राहिले.

सभेच्या आदल्या संध्याकाळी मी एकटा दुकानात गेलो. म्हटलं, "तात्या, मी शपथ मोडणार. तुम्ही हो म्हणा."

ते बांगड्यांवरची धूळ पुसत होते. म्हणाले, "मला काय इचारतोस? जागा तुला दिलीया. तुझं तू बघ."

"तुम्ही रागावला नाहीत ना?"

"तुझ्यावर कशाला रागावू?" ते म्हणाले. त्यातल्या 'तुझ्यावर' या शब्दावर जरा जोर होता, पण तेव्हा मला वाटलं, म्हातारा घुश्शात आहे. मलाही राग आला. पंधरा वर्षं तोंड शिवून बसलो, आता डोहच जाणार तर शपथेचं लोणचं घालायचं का? तसाच घरी आलो.

सभा शाळेच्या मोठ्या वर्गात होती. उपअभियंता शहापुरे म्हणून होते, सभ्य माणूस. बंधारा हवा असणारे लोक वर्गभर होते आणि त्यांचंही खोटं नव्हतं; माघ सरला की वरच्या शिवारातल्या विहिरी तळ गाठत. मगदूम मॅडमना साहेबांनी मुद्दाम बोलावलं होतं. त्या पहिल्या बाकावर तीच वही घेऊन बसल्या होत्या. तात्या मागं, दाराजवळ.

माझी पाळी आली. भोंग्यावरून रोज शेकडो लोकांशी बोलणारा मी, पण इथं पहिलंच वाक्य दोनदा म्हणावं लागलं. मी सांगितलं की गेल्या वर्षी आम्ही सहा जण मॅडमशी खोटं बोललो. खडस जुन्या पुलाखाली नाही, तो त्याच्या कितीतरी वर, गायधोंडीच्या पायथ्याला रांजणडोहात असतो, तिथंच अंडी घालतो, आणि मी स्वतः तिथं पंधरा वर्षं गळ टाकतोय. वर्गात कुजबुज झाली. मॅडमनी मागं वळून माझ्याकडे बघितलं.

"मग गेल्या वर्षी का नाही सांगितलंत?" त्यांनी विचारलं. रागानं नाही. त्यांना खरंच समजत नव्हतं.

"जागा सांगायची नसते," मी म्हणालो.

शहापुरे साहेबांनी नकाशा टेबलावर पसरला आणि मला पुढं बोलावलं. मी डोहावर बोट ठेवलं. त्यांनी तिथं निळ्या पेन्सिलीनं गोल काढला. बंधाऱ्याची रेघ त्याच्या जरा वर होती. ते म्हणाले, "डोह बंधाऱ्याच्या खाली येतो, म्हणजे अडचण नाही. भिंतीत तळाला एक नळ ठेवू. उन्हाळ्यात थोडं पाणी सोडत राहू, डोह भरलेला राहील. चालेल?"

मी चालेल म्हणालो. इतक्या सहज होईल असं वाटलं नव्हतं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. शेतकऱ्यांना बंधारा मिळाला होता, मला माझा डोह मिळाला होता आणि मनावरचं खोट्याचं ओझंही उतरलं होतं. साहेबांच्या कारकुनानं लिहायला घेतलं. मी जागेवर येऊन बसलो आणि तात्यांकडे बघितलं, बघा म्हणून.

तात्या उठले होते.

"सायेब, त्ये लिवू नगा," ते म्हणाले. "त्येबी खोटं हाय."

कारकुनाचा हात थांबला.

"ह्यो कंट्रोलर खोटं बोलत न्हाई. त्याला मीच खोटं सांगितलंय. खडस धोंड चढतो. रांजणडोहात नुसता दम खायला थांबतो. पाणी वाढलं की पायऱ्या चढून वर जातो, पार चार कोस. वाकणवाडीचा उतार हाय, बायका जिथनं नदी वलांडत्यात, थितं. गुडघाभर पाणी, खाली बारीक खडी. थितं अंडी घालतो. दुसरीकडं कुठं न्हाई."

"तुम्ही हे पाहिलंय?" साहेबांनी विचारलं.

"चाळीस वर्सं बघतोय. नागपंचमीच्या आधी मी वरच्या वाड्यांस्नी बांगड्या भराया जातो. त्याच दिसांत त्या येत्यात. मोठाल्या माद्या, पाठी पाण्याच्या भाईर. वाडीच्या बायका तेवढं आठ दिस उतारावर धुणं धूत न्हाईत, लांब झऱ्यावर जात्यात. म्हणत्यात, माहेरवाशिणी आल्यात पंचमीला." ते जरा थांबले. "तुमी पाणी सोडशीला, डोह भरून ऱ्हाईल, समदं खरं. पर त्यास्नी वर जायाला वाट कुठं हाय? भिंतीवर डोकं आपटून त्या खालीच मरतील. मग तुमच्या डोहात काय ऱ्हाणार?"

मॅडमनी हळूच विचारलं, "साधारण किती दिसतात?"

"आधी मोजाया येत नव्हत्या. गेल्या पंचमीला अकरा."

अकरा. ते ऐकून मॅडमनी पेन खाली ठेवलं. शहापुरे साहेब नकाशाकडे बघत राहिले. चार कोस वरची वाकणवाडी त्या नकाशात नव्हतीच, तो त्याच्या आधीच संपत होता.

माझं काय झालं ते सांगतो. माझे कान तापले. मागून कुणीतरी म्हणालं, "कंट्रोलर, गाडी चुकली की," आणि चार जण हसले. मला हसणाऱ्यांचं काही वाटलं नाही. मला तात्यांचं वाटलं. पंधरा वर्षं मी जिवापाड जपलेली जागा म्हणजे मेहुण्याला दाखवलेला जुना पूल होता. तात्यांनी मला माझ्याच जातीची थाप मारली होती, आणि डब्यावर हात ठेवायला लावून वर शपथही घातली होती.

साहेबांनी सभा तहकूब केली. तोंडी गोष्टीवर आराखडा बदलता येणार नाही, म्हणाले, पण डोळ्यांनी बघून ठरवता येईल. नागपंचमीच्या दोन दिवस आधी ते, मॅडम, तात्या आणि मी असे चौघं निघालो. मला तात्यांनीच चल म्हटलं. मी त्यांच्याशी तोवर एक अक्षर बोललो नव्हतो, पण गेलो.

गायधोंडीपर्यंत जीप होती, पुढं पायवाट. पावसानं उघडीप दिली होती. तात्यांच्या पाठीवर नेहमीचं बांगड्यांचं गाठोडं होतं. साहेब म्हणाले, आज तरी ते ठेवून यायचं. तात्या म्हणाले, पंचमीच्या तोंडावर रिकाम्या हातानं वाडीत गेलो तर बायका उभं करणार नाहीत. वाटेत साहेब आणि मॅडम पुढं गेले तेव्हा मी शेवटी विचारलं. किती दिवस गप्प बसणार?

"तात्या, मला का खोटं सांगितलंत? रझाकला नाही सांगितलं, डॉक्टरांना नाही सांगितलं, ते ठीक आहे. पण मला?"

तात्यांनी गाठोडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "चल, उशीर हुतोय," एवढंच म्हणाले. माझा राग दुप्पट झाला.

पुढचं आधी सांगून टाकतो. बंधारा झाला, पण भिंतीचे मधले दोन गाळे नदीच्या तळापर्यंत मोकळे सोडले. दसरा झाल्यावरच त्यांत फळ्या बसवायच्या आणि मृगाआधी काढायच्या, असा कागद झाला. त्यासाठी साहेबांनी आणि मॅडमनी दोन वर्षं खेटे घातले. पहिल्याच पावसाळ्यात नवीन संकट दिसलं. नदीभर पसरून चढणारे मासे आता त्या दोन गाळ्यांत गोळा व्हायला लागले, म्हणजे कुणीही पाटी घालावी आणि उपसावेत. तेव्हा आम्ही सहा जणांनी पाळ्या लावल्या. आषाढ-श्रावणात गाळ्यांपाशी कोण ना कोण बसलेला असायचाच, बिनगळाचा. रझाक केळी घेऊन यायचा, डॉक्टर पत्त्यांचा जोड. अंड्यावरची मादी गळाला लागली तर सोडून द्यायची हेही तिथंच ठरलं, आणि हे सोडणं धरण्यापेक्षा जड जातं हे मी अनुभवानं सांगतो. तात्या बंधाऱ्यानंतर चारच पावसाळे होते. आज बसणारे नवे आहेत, त्यांतल्या दोन तर पोरी आहेत. वाकणवाडीची जागा आता सरकारी कागदात छापलेली आहे, तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे. गेल्या पंचमीला वाडीच्या बायकांनी त्रेचाळीस मोजल्या. लपवून अकरा राहिल्या होत्या.

तर त्या दिवशी. माझा प्रश्न तसाच घेऊन वाडीत पोचलो, तेव्हा बायकांनी तात्यांना आधी पारावर बसवून घेतलं. बांगड्या भरून झाल्याशिवाय कुणी नदीवर जाऊ देईना. मॅडमनीही हात पुढं केला, तात्यांनी दाबून बघितला आणि सव्वादोनच्या हिरव्या बांगड्या भरल्या. साहेब घड्याळ बघत बसले. मग एक म्हातारी पुढं झाली आणि आम्ही तिच्यामागून उताराकडे गेलो. चपला लांबच काढायला लावल्या. पाय वाजवू नका, म्हणाली.

करंजाच्या झाडाआडून आधी मला नुसतं पाणी दिसलं. गुडघाभर, स्वच्छ, खालची खडी मोजता येईल असं. मग त्या पाण्यातली एक सावली हलली, आणि ती सावली नव्हती.

एवढा खडस मी जन्मात बघितला नव्हता. पाठ पाण्याबाहेर, खवला म्हणजे नुसता रुपया. अंग तिरकं करून ती खडीवर शेपटी मारत होती आणि मागं तिच्या निम्म्याचे दोन नर. पलीकडे आणखी एक, तिच्यापलीकडे दोन. मॅडम ओठ हलवत मोजत होत्या. साहेबांनी टोपी काढली होती, कशाला ते त्यांनाही ठाऊक नसावं. ती मोठी मादी माझ्यापासून दहा हातांवर होती. पळायला जागा नव्हती तिला. वाऱ्याची बाजू माझ्या पाठीशी, पाण्यात एकही खोड नाही, दोरा अडकायची भीती नाही.

माझ्या हातात काही नव्हतं. गळाची काठी घरी होती. तरी माझा उजवा हात कोपरात वाकून खांद्यामागं गेला होता आणि मनगट फेकायच्या बेतात वळलं होतं. मला पत्ताही नव्हता.

तात्यांनी ते मनगट धरलं. बाईचा हात बांगडीसाठी धरतात तसं, हलकेच दाबून. मी वळून बघितलं.

"म्हणून," तात्या म्हणाले.